शिकाऊ गाडी

९ मार्च

भिंगरे,

हे नाव तुला अजून चालतं का, माहीत नाही. पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिताना कुणा परक्या बाईला पत्र टाकतेय असं वाटलं, म्हणून आत तरी जुनंच. मी मुंगी. शाळेत सहा वर्षं तुझ्या उजव्या हाताला बसणारी. पत्ता शिवणाच्या बाईंकडून मिळाला. बाई ऐंशीच्या झाल्यात, पण कोण कुठे राहतं ते त्यांना अजून तोंडपाठ आहे. देताना म्हणाल्या, "भांडायला लिहिणार असशील तर देत नाही." मी म्हटलं, भांडायला नाही.

बातमी सरळच सांगते. पोलिसांचं पत्र तुला येईल, पण ते कसं लिहितात ते मी पाहिलंय, आणि तुला ते आधी वाचायला लागू नये असं वाटलं. तुझ्या बाबांची गाडी सापडली. आपल्या तलावात. ते गाडीतच आहेत. माझी आईही.

जरा बस. पाणी पी. मग पुढचं वाच.

चार वर्षांपूर्वी इथले एक निवृत्त पोस्टमन गाडीसकट नाहीसे झाले. त्यांच्या बायकोने बाहेरून दोघा भावांना बोलावलं होतं. त्या दोघांचं कामच ते, हरवलेल्या माणसांच्या गाड्या पाण्यात शोधायच्या. एक रबरी बोट आहे, बोटीखाली आवाज सोडणारं यंत्र लावलंय, तो आवाज तळाला आपटून परत आला की पडद्यावर चित्र उमटतं. थोरला बोट चालवतो, धाकटा बुडी मारतो. पहिल्याच सकाळी, बोटी पाण्यात सोडायचा तो जुना उतार आठवतो ना, तिथून वीस-पंचवीस हातांवर त्यांना गाडी दिसली. पोस्टमनचीच असणार म्हणून धाकटा खाली गेला. वर आला आणि भावाला म्हणाला, "टपावर पाटी आहे. तिकोनी." तुझे बाबा दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायचे ती पाटी. ड्रायव्हिंग स्कूलचं नाव गेलंय, पण खाली 'शिकाऊ' मधला 'शि' अजून वाचता येतो. धाकट्याने पाटी वर आणली तेव्हा मी स्वतः पाहिला.

वीस-पंचवीस हात, भिंगरे. तू गेल्यावर मी तिथेच पोहायला शिकले. माझ्या मुलीलाही तिथेच शिकवलं.

सव्वीस वर्षं हे गाव ती दोघं मिळून पळून गेली असंच धरून चाललं होतं. कुणी म्हणायचं त्यांना एका बंदरावर बघितलं, कुणी म्हणायचं त्यांनी दुसरीकडे दुकान टाकलंय, त्यांना मुलगा झालाय. माझी आत्या तर त्या मुलाचं वयही सांगायची. आणि ती दोघं इथेच होती, आपल्या शाळेपासून चालत पाऊण तासावर.

बाबांना मीच सांगितलं. ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या तलावात?" आपल्याच, म्हटलं. "म्हणजे लांब गेलीच नव्हती," म्हणाले. मग चहा मागितला. दोन कप प्यायले.

मला काय वाटतंय ते अजून नीट सांगता येणार नाही. दुःख आहे, पण त्याच्या खाली काहीतरी हलकं हलकं आहे, आणि ते लपवायचा कंटाळा आलाय. तुझं काय?

काकू कशा आहेत? त्यांना हे कसं सांगायचं ते तूच ठरव.

मुंगी


१८ मार्च

भिंगरे,

तुझं उत्तर नाही. ते बरोबरच आहे. मी असते तर मीही दहा दिवसांत लिहिलं नसतं. पण मला काही राहवत नाही, म्हणून मी लिहिते, तू हवं तेव्हा वाच.

गाडी बाहेर काढली. अर्धं गाव उताराजवळ जमलं होतं. आत्याही आली होती, छत्री घेऊन. मला म्हणते, "मला तेव्हापासूनच वाटत होतं, आपली वहिनी तसली नव्हेच." मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही, आत्या. छत्री छान आहे." माझा नवरा शेजारी उभा होता, त्याला हसू आवरेना म्हणून तो बोटीकडे बघायला गेला. अशा वेळी हसू येतं याची मला आधी लाज वाटली, मग नाही वाटली.

ठाण्यात आता एक बाई साहेब आहेत. आपल्यापेक्षा लहान असतील. त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं, घाई न करता. आई चालकाच्या जागेवर होती, तुझे बाबा शेजारी. शिकवण्याची गाडी, म्हणून त्यांच्या पायाशीही ब्रेक होता. गाडी मागच्या गिअरमध्ये होती. बाई साहेबांचा अंदाज असा की उतारावर गाडीचं तोंड वर करून, थांबलेली गाडी चढावर उचलायचा सराव चालला असणार. पहिला गिअर टाकायला गेली आणि मागचा पडला. तेव्हा त्या उताराच्या खालच्या अंगाला शेवाळ होतं, आठवतं? आपणच त्यावर घसरगुंडी करायचो. ब्रेक दोघांनी दाबले असले तरी चाकांनी धरलं नसणार.

म्हणजे ती शिकवणी होती. मंगळवारची दुपार, आणि शिकवणी. बाकी काही नाही.

त्यांनी जुनी फाइल काढली होती. मी म्हटलं, मला वाचू द्या. तीन पानं आहेत फक्त. पहिल्या पानावर, नवऱ्याला न सांगता दोन महिने शिकवणीला जात होती, असं. ते त्यांनी खाली रेघ मारून लिहिलंय, जणू तोच गुन्हा. दुसऱ्या पानावर, घरातली लहान तपकिरी सुटकेस नाहीशी आहे, असं. तिथेही रेघ. एका हवालदाराने तलावाच्या बाजूला बघून येऊ का असं विचारल्याची नोंद आहे, आणि पुढे लिहिलंय, 'सुटकेस नेली असल्याने आवश्यकता नाही.' आणि तिसऱ्या पानावर शेवटी, 'दोघांनी स्वेच्छेने घर सोडले.'

त्याखाली बाबांची सही. तेव्हाची सही किती मोठी आणि वाकडी होती. आधी वाटलं, हात थरथरला असेल.

तो हात नव्हता, डोळे होते. तुला हे माहीत नसणार, कारण तू तोवर गेली होतीस. आई गेल्यावर महिन्याभरात बाबांनी पावाच्या व्हॅनच्या चाव्या बेकरीत परत केल्या आणि म्हणाले, मला आत पॅकिंगला घ्या. लोक म्हणाले, बायको गेली म्हणून माणूस खचला. मला दोन वर्षांनी कळलं की त्यांना कडेचं दिसतच नव्हतं. बोगद्यातून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून, तर बाबा म्हणाले, "बरीच वर्षं." कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर व्हॅन गेली असती.

म्हणूनच असेल, मी चष्म्याच्या कामात शिरले. पुढे दुकान, गिऱ्हाइकं, आरसे. मागच्या खोलीत मी, काच घासायचं मशीन आणि त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार. वीस वर्षं झाली. मला काम आवडतं. काच फ्रेममध्ये बसताना टक्क असा आवाज येतो, तो ऐकला की दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटतो. मुलगी सतरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच, आणि मला ती सारखी दुरुस्त करत असते. एकंदरीत माझं बरं चाललंय, भिंगरे. हे मी तुला बढाई म्हणून नाही सांगत. तुझंही बरं चाललेलं असावं असं वाटतं म्हणून सांगते.

बाई साहेबांनी आणखीही एक गोष्ट सांगितली, पण ती आत्ता राहू दे.

मुंगी


२ एप्रिल

भिंगरे,

पत्र मिळालं. चार ओळी, पण मी त्या दुकानात उभ्याने वाचल्या आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांची काच उलटी घासली.

तू काकूंना सांगितलंस आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट आवरायला घेतलं, एवढं लिहिलंस. तुझ्या बाबांचे सगळे फोटो त्यांनी तेव्हाच फाडले होते, तेही लिहिलंस. आणि मग शेवटच्या ओळीत विचारलंस, 'गाडीत सुटकेस होती का?'

नव्हती.

सरळ उत्तर एवढंच. आता खरं उत्तर देते. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं, गेल्या रविवारी सांगितलं.

ती सुटकेस आईने नेलीच नव्हती. ती मी नेली होती. विज्ञानाच्या प्रदर्शनाला मी दगड मांडले होते, तुला आठवेल, बावीस प्रकारचे, आणि बाईंनी त्यातले नऊ एकच आहेत म्हणून सांगितलं होतं. ते दगड खाणीवरून घरी आणायला मी न विचारता माळ्यावरची सुटकेस काढली. दगडांनी तिचं बूड फाटलं, मूठ निघून हातात आली. आईला ती फार प्रिय होती, माहेराहून आणलेली. मी घाबरले आणि तिला पुठ्ठ्याच्या कारखान्यामागे कचऱ्यात टाकून आले. आई जायच्या आधी आठ-दहा दिवसांची गोष्ट.

मग आई गेली. दुसऱ्या दिवशी आत्याने माळा तपासला आणि ओरडली, "सुटकेस नाही." सगळे थांबले. हवालदाराने लिहून घेतलं. मी दारात उभी होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ती माझ्याकडून फाटली. तोंड उघडलं आणि बंद केलं. वाटलं, आई संध्याकाळी येईल, मग तिलाच सांगू, ती रागावेल आणि संपेल. संध्याकाळी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सांगणं आणखी अवघड होतं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी त्याहून. महिन्याभराने मला स्वतःलाच खात्री नव्हती. वाटायचं, दुसरी एखादी पिशवी घेतली असेल तिने. माणसाने पळून जायचंच ठरवलं तर सुटकेसवाचून थोडंच अडतं. असं मी स्वतःला पटवलं, आणि ते पटलं की मला आईचा राग आला, आणि राग आला की बरं वाटायचं. हे सगळं मला आता दिसतंय. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, हेही दिसतंय.

पण तो हवालदार तलावाकडे गेला असता. तेवढं माझ्याकडे लागतं. जीव वाचले नसते, ते तर त्या दुपारीच गेले होते, हे बाई साहेबांनी मला दोनदा सांगितलं. पण काकूंनी फोटो फाडले नसते. तुला मामाच्या घरी वाढावं लागलं नसतं. बाबांना बाजारातून मान खाली घालून जावं लागलं नसतं.

माफी मागते असं लिहिलं तर फार छोटं वाटतं. तरी मागते. तुझी आणि काकूंची. तुला आता पत्र लिहू नये असं वाटलं तर लिहू नकोस, मी समजेन. बाबांना मी काल सांगितलं. ते खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. त्यांनी रेडिओ बंद केला, सगळं ऐकलं. म्हणाले, "मूठ आधीपासूनच ढिली होती." आणि रेडिओ परत लावला.

मुंगी


१६ एप्रिल

भिंगरे, भिंगरे,

सात पानं. तुला अजूनही पानाच्या कडेला उभं लिहायची खोड आहे. मी पत्र फिरवून फिरवून वाचलं, नवरा म्हणाला, "पत्र वाचतेस का गाडी चालवतेस?"

तर तू ती पाहिली होतीस.

मी ते पान चार वेळा वाचलं. तुझे बाबा आणि माझी आई जाऊन आठवडा झाल्यावर तू कारखान्यामागच्या वाटेने शाळेत येत होतीस, आणि कचऱ्यात तपकिरी सुटकेस पडलेली, बूड फाटलेलं. तुला ओळखायला वेळ लागला नाही, कारण आपण लहानपणी तिच्यात बाहुल्या झोपवायचो. आणि तू ती तशीच सोडून शाळेत आलीस, माझ्या शेजारी बसलीस आणि बोलली नाहीस.

तू लिहिलंस, 'सुटकेस इथे आहे म्हणजे ते कुठे गेले नाहीत, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि गेले नाहीत तर मग काय झालं असेल, तेही कळलं. मला ते नको होतं. बाबा वाईट आहेत पण कुठेतरी आहेत, सकाळी दाढी करतायत, कुणाला तरी गाडी शिकवतायत, हे मला चालणार होतं. म्हणून मी गप्प बसले.'

मी हे वाचून बराच वेळ मागच्या दारात उभी राहिले. मला वाटायचं, तू मला सोडून गेलीस ते माझ्या आईमुळे. आणि तू लिहितेस की माझ्याकडे बघितलं की तुला ती सुटकेस दिसायची, म्हणून बघवेना.

दोन पोरी, एका बाकावर, एकच गोष्ट दोघींना ठाऊक, आणि दोघी एकमेकींपासून लपवतायत. एकीने जरी कोपर मारलं असतं.

नाही मारलं. बरं, आता मारलं. तू मला माफ करतेस का असं विचारलंयस. वेडी आहेस का? मी तुला काय माफ करणार. पण तुला हवंच असेल तर केलं, आणि तू मला केलंस असं धरून चालते, कारण तसं तू सातव्या पानावर उभ्या ओळीत लिहिलंयस आणि ते मला नीट लागलंय.

आता ती राहिलेली गोष्ट. आपण दोघींनी एवढं सांगितलं तर मी ही दाबून ठेवणं बरं नव्हे.

तुझ्या बाबांच्या बाजूची खिडकी पूर्ण खाली होती. हँडल फिरवून उघडलेली. त्यांचा पट्टा सुटलेला होता. ते बाहेर पडू शकले असते, असं बाई साहेब म्हणाल्या. आईचा पट्टा मात्र अडकलेलाच होता, कुलपात चाप बसून राहिलेला. आणि तुझे बाबा तिच्या बाजूला वळलेले होते, पूर्ण वळलेले, त्या चापाकडे.

याचा अर्थ तुलाही कळेल. ते तिला सोडवत बसले. मी हे लपवलं, कारण मला भीती वाटली तू म्हणशील की माझी आई नसती तर तुझे बाबा वर आले असते. ते खरंच आहे. फक्त तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

अंत्यसंस्कार मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ठेवायचे म्हणतो. दोघांचे एकत्रच, तुमची हरकत नसेल तर. तुम्ही या. घरात जागा आहे. मुलगी तिची खोली देणार आहे, तिने ती आवरायला घेतलीय, आणि ते बघून माझ्या नवऱ्याला तिची तब्येत बरी नाही असं वाटतंय.

मुंगी


२१ मे

भिंगरे,

तुम्ही पोचल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते, नीट बोलता आलं नाही. शिवाय हे फोनवर सांगायचंही नव्हतं. काकूंनी मला सांगितलंय की तू तिला लिही, मी स्वतः सांगायला गेले की भलतंच काहीतरी बोलत बसते.

पण आधी स्टेशनवरचं. गाडीतून उतरून तू माझ्याकडे चालत आलीस, सव्वीस वर्षांनी, केस पिकलेले, बॅग खांद्यावर, आणि नमस्कार नाही, मिठी नाही, पहिलं वाक्य काय, तर "बाबा पट्टीचे पोहणारे होते, माहीत आहे ना?" वाटलं, आता हिशोब मागणार. मग तू म्हणालीस, "म्हणजे घाबरून अडकले नव्हते. ठरवून थांबले." आणि तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुणाच्या तोंडावर इतकं जवळून पाहिलेलं नाही. आयुष्यभर बापाची लाज वाटून घेतलेल्या मुलीला एकदम त्याचा अभिमान वाटायला लागला की ती अशी दिसते. तू मला बॅग दिलीस आणि म्हणालीस, "धर, जड आहे." तिथे आपली सव्वीस वर्षं मिटली.

अंत्यसंस्काराचं पुन्हा लिहीत नाही, तू होतीसच. पोस्टमनच्या बायकोने येऊन काकूंचा हात धरला ते मात्र मला विसरता येत नाही. तिचा माणूस अजून सापडलेला नाही. ते दोघे भाऊ आता नदीच्या बाजूला शोधतायत. मी सकाळी दुकानात जाताना त्यांना थर्मास देऊन येते. तीही काठावर बसलेली असते. "तुमची सापडली, आता माझी पाळी," असं म्हणते, आणि तिच्या बोलण्यात जरासुद्धा कडवटपणा नसतो.

तर अंत्यसंस्कारानंतरच्या सोमवारचं. तू फाइलवर सही करायला ठाण्यात गेली होतीस. मुलगी क्लासला, नवरा त्याच्या सुतारकामाच्या वर्गावर. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते, आणि काकू आणि बाबा पुढच्या खोलीत बसले होते. दोन दिवस ती दोघं एकमेकांशी हवापाण्याचंच बोलत होती. दार उघडं होतं. मी मुद्दाम ऐकत नव्हते, पण पुसणं हळू केलं, हे कबूल करते.

काकू म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचंय. फार उशीर झालाय पण."

बाबा म्हणाले, "मला कुठे जायचं नाही. सांगा."

"ती दोघं जायच्या महिनाभर आधी हे एकदा जेवताना म्हणाले, एक बाई शिकायला येते. तिचा नवरा पावाची व्हॅन चालवतो. त्याची नजर कडेने जात चाललीय, आणि त्याला वाटतंय की घरात कुणाला कळलेलं नाही. तिला लायसन्स काढून त्याच्या जोडीला व्हॅनवर जायचंय. आधी सांगितलं तर तो नको म्हणेल, आणि बाहेर कळलं तर त्याचं काम जाईल. म्हणून तूही कुठे बोलू नकोस. मी नाही बोलले."

बाबांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

काकू म्हणाल्या, "मग ती गेली. आणि मला वाटलं, ही गोष्ट ह्यांनी रचून मला ऐकवली होती. तिच्याबरोबर दिसले तरी मला संशय येऊ नये म्हणून. आणि मी बावळट, तेव्हा ती ऐकून हळहळले होते, म्हटलं होतं किती चांगली बाई. त्याचीच मला जास्त लाज वाटली. म्हणून पोलिसांना नाही सांगितलं, पोरीला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर निदान तुम्हाला कळलं असतं."

माझ्या हातात एकच बशी होती, ती मी पुसतच राहिले.

मग बाबा म्हणाले, "तिला कसं कळलं? मी तर सगळं सांभाळून करायचो."

"कपांवरून. उजवीकडे ठेवलेला कप तुम्ही पाडायचे म्हणे. दोन-तीनदा झाल्यावर ती सगळं तुमच्या अगदी समोर ठेवायला लागली. कप, किल्ल्या, चपला."

"मला वाटायचं, ती नीटनेटकी झालीय," बाबा म्हणाले.

काकूंना हसू आलं. मग बाबाही हसले. भिंगरे, मी त्या दोघांना तसं हसताना पहिल्यांदा ऐकलं, आणि मला आत जावंसं वाटलं, पण गेले नाही. ते हसू त्यांचं दोघांचं होतं.

मग बाबांनी विचारलं, "शिकली होती का पण? येत होती का तिला गाडी?"

काकू म्हणाल्या, "हे म्हणायचे, हात चांगला बसलाय. गल्लीत वळवते, मागे घेते, गर्दीतून काढते. फक्त चढावर उचलायला घाबरते."

"सगळेच घाबरतात," बाबा म्हणाले. "पहिल्या वर्षी मीपण घाबरायचो."

एवढंच. मग काकूंनी विचारलं चहा ठेवू का, आणि बाबा म्हणाले ठेवा, आणि मी बशी जागेवर ठेवून पातेलं काढलं.

मी आईवर रागावले होते, भिंगरे, त्या दोन महिन्यांत. मंगळवारी आणि शुक्रवारी ती घरी नसायची, आणि परत आली की गुणगुणत असायची. मला वाटायचं, हिला कसला एवढा आनंद झालाय. आता कळतं, बाई गाडी शिकत होती. चाळीसाव्या वर्षी, चोरून, रस्त्यावर गाडी चालवत होती. आनंद होणारच.

तुमच्याकडे पुढच्या महिन्यात येते, ठरल्याप्रमाणे. चार दिवस रजा मिळालीय. येताना काकूंसाठी वाचायचा चष्मा आणते. त्यांचा आत्ताचा चष्मा कुणी केलाय कोण जाणे, डावी काच चुकीची आहे. मी त्यांना न सांगता नंबर तपासून घेतलाय. आणि शिवणाच्या बाईंकडे तुझ्या बाबांचा एक फोटो निघाला, शाळेच्या सहलीच्या वेळचा, गाडीला टेकून उभे आहेत. त्याच्या दोन प्रती करून घेते, एक काकूंना.

तुझी,
मुंगी

ता. क. बाबा काल केस कापायला गेले होते. मी सोबत होते. न्हाव्याने काही विचारलंही नव्हतं, तरी मानेला टॉवेल बांधल्या बांधल्या ते त्याला म्हणाले, "माझी बायको ड्रायव्हिंग शिकत होती. एक चढ सोडला तर सगळं यायचं तिला." न्हावी म्हणाला, "हो का?" बाबा म्हणाले, "हो. माझ्यासाठी." आणि मग डोकं पुढे करून दिलं.